गप झाला तो पडला

समस्त बोईसर-तारापूर पंचक्रोशीतील कारखानदार, टँकरचालक, रिक्षावाले, तसेच अणुविजेच्या शेजारी राहून शुक्रवारी मेणबत्ती शोधणारे सर्व नागरिक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या कचेरीत कॉम्प्युटरशी दिवसभर मोठ्याने बोलणारे जे गृहस्थ होते, ते वेडे नव्हते. या विषयावर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर जी चर्चा चालते ती आजपासून बंद करण्यात यावी. हुकुमावरून. हुकूम माझाच आहे, पण सही-शिक्का असल्यासारखा वाचावा.

गृहस्थांचं आडनाव तांडेल. आम्ही म्हणायचो तांडेलसर. लोखंडी सामानाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमची कचेरी. कारखान्यांना वेबसाइट आणि वेबवर चालणारे प्रोग्राम करून द्यायचे, हा धंदा. गेटमधून कोण आत आलं, कोणता टँकर काय घेऊन बाहेर गेला, कोण रजेवर, कोण रजेवर नसून गायब, हे सगळं साहेबांना खुर्चीतून दिसलं पाहिजे. हे प्रोग्राम तांडेलसर लिहायचे आणि मी विकायचो. प्रोग्राम कसा होतो याची मला तेवढीच माहिती, जेवढी बासुंदी विकणाऱ्याला म्हशीच्या मनाची.

तांडेलसर सकाळी यायचे, डबा खिडकीत ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि पडद्याकडे बघून सुरू व्हायचे. "कं रं, कटं चालला? थांब. थांब बोलतो ना! टँकर आत गेला की नंबर लिव. लिवला? कटं लिवला? अरे, तिकडं कोनी बोलवला तुला!" हे थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत. सुट्टीत डबा उघडून पडद्याकडे तोंड करूनच जेवायचे, आणि मधूनच घास थांबवून त्याला काहीतरी समजावून सांगायचे. तोच माणूस आमच्याशी बोलायचा तेव्हा त्याच्याकडे तीन शब्द असायचे. "हो", "नाय" आणि निघताना "बाकी मग." बाकी काय आणि मग कधी, हे कोणाला कळलं नाही. बाकीचं सगळं त्या कॉम्प्युटरच्या पोटात जात होतं.

गिऱ्हाईक कचेरीत आलं की माझी पंचाईत व्हायची. मी इकडे आमच्या अत्याधुनिक सेवेचं वर्णन करतोय आणि मागून आवाज येतोय, "मरशील मेल्या, नीट चल!" मी सांगायचो, "सर फोनवर आहेत." गिऱ्हाईक सरांच्या दोन्ही रिकाम्या हातांकडे बघायचं.

आमच्याकडे आणखी दोघं प्रोग्राम लिहायची. तन्वी, वीज केंद्रातल्या नोकरदाराची मुलगी, आईवडील मूळचे अमरावतीकडचे; आणि फैजान, जौनपूरचा, हिंदीशिवाय दुसरं काही न बोलणारा. दोघांनीही आल्या आल्या हेडफोन विकत घेतले. फैजान तर मला एकदा कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "देसाईसर, इनका कुछ करो ना. कल मैंने भी अपने कॉम्प्युटर को 'मेल्या' बोल दिया."

आता त्या बडबडीचं कारण. बोईसरला शुक्रवारी कारखाने बंद असतात आणि त्या मुहूर्तावर बऱ्याचदा लाइटही जाते. अशाच एका शुक्रवारी आम्ही दोघं जिन्यात वारा खात बसलो होतो. मी बेधडक विचारलं, "सर, तुम्ही त्याच्याशी एवढं काय बोलता?"

तांडेलसरांनी वर कचेरीच्या दाराकडे बघितलं. लाइट नव्हती, पडदा बंद होता, त्यामुळे त्यांच्याकडे बोलायला मीच होतो.

"आमी दातिवऱ्याचे," ते म्हणाले. "बापाची होडी. मला पानी लागतं. होडी हलली का मी आडवा. कोळ्याच्या पोराला पानी लागतं, गावात तोंड काढायला जागा नाय. बाप बोलला, तू उतर, तू शिक. पन जेवढा गेलो तेवढ्यात एक शिकलो. धुकं असलं, काळोख असला, का बाजूचा मानूस दिसत नाय. म्हनून सगळे बोलत रातात. काय पन बोलायचं. माशाला शिव्या, मशीनला शिव्या, सासऱ्याला शिव्या. आवाज येतो तवर मानूस होडीत हाय. गप झाला तो पडला."

मी म्हटलं, "अहो, पण इथे बोईसरला, पहिल्या मजल्यावर, तुम्ही पडणार कुठे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जिन्याखालच्या भर दुपारच्या रस्त्याकडे बघितलं. "पडायला जागा लय हाय, घाटी," ते म्हणाले.

मी सांगलीचा, म्हणून घाटी. हा शब्द इकडे शिवीसारखा वापरतात. तांडेलसर तो टोपणनावासारखा वापरायचे, आणि मला तो आवडायचा. ते दुसऱ्या कोणाला कसलंच नाव द्यायचे नाहीत.

तांडेलसर दातिवऱ्याला राहत नव्हते. तिथलं घर भावांचं, होडी भावांची. सर बोईसरजवळच्या पाम गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे, आईला घेऊन. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, "भरती चुकली." आजूबाजूला कारखान्यांतले कामगार, कोणी बिहारचे, कोणी ओडिशाचे, आणि आमच्यासारखे घाटावरून आलेले. म्हातारीला ना हिंदी यायची, ना आमचं पुस्तकी मराठी. ती दिवसभर उंबऱ्यात बसायची आणि संध्याकाळी मुलगा आला की दोघं आपल्या किनाऱ्यावरच्या बोलीत बोलत बसायची. मी एकदा सरांना सोडायला गेलो होतो, तेव्हा ऐकलं होतं. आमच्याशी तीन शब्दांत भागवणारा हा माणूस आईशी असा धबाधबा बोलत होता की मी चहा न पिताच निघालो. मध्ये शिरायला जागाच नव्हती.

मग ती म्हातारी गेली. सर दिवसकार्य उरकून कामावर आले, डबा खिडकीत ठेवला, चष्मा पुसला. आम्ही सगळे तयारीत होतो, काय बोलायचं ते मनात जुळवून. त्यांनी आम्हाला संधीच दिली नाही. पडद्याकडे वळले आणि सुरू झाले. आवाज फक्त जरा वाढला होता.

त्यानंतर काही दिवसांनी बोईसरच्या औद्योगिक इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी घटना घडली. एका रसायनाच्या कारखान्याच्या मॅनेजरचा मला फोन आला. "देसाईजी, ये नया सेफ्टी का रूल कब से आया? मेरे सब ड्रायवर कँटीन में बैठे हैं और टँकर गेट पर खड़ा है!"

मी धावत गेलो. गेटवर टँकरच्या पासांचं भेंडोळं होतं. प्रत्येक पासावर टँकरचा नंबर, वेळ, माल, आणि खाली ठळक अक्षरांत: "जेवलास कं?"

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यांनी आपसांत चर्चा करून याचा अर्थ लावला होता आणि नवा नियम समजून त्याची काटेकोर अंमलबजावणी चालवली होती. ड्रायव्हरला विचारायचं, जेवला का. नाही म्हणाला की कँटीन. ड्रायव्हर मंडळी काय, एकाहून एक सत्यवचनी. सकाळपासून एकही जण जेवलेला निघाला नव्हता.

झालं होतं असं. तांडेलसरांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर, प्रोग्रामचं दार उघडताना दिसेल असं ते एक वाक्य घालून ठेवलं होतं. रोज सकाळी ते आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचे आणि पडदा त्यांना विचारायचा, जेवलास कं. कारखान्याच्या पासाचं पान करताना त्यांनी घाईत आपलंच पान उचलून तिकडे ठेवलं, आणि वाक्यही मागोमाग गेलं. सरांनी फोनवर ऐकून घेतलं, ताबडतोब ते काढलं. दुसऱ्या दिवशी एक ड्रायव्हर गेटवर विचारत होता म्हणे, "आज खाने का नहीं पूछा?"

फैजान हसून हसून खुर्चीतून घसरला. त्याने ते वाक्य पाठ केलं. आपल्याला मराठी येतं असं तो त्या दिवसापासून सांगू लागला. चहावाल्याला "जेवलास कं", प्रिंटरला "जेवलास कं", बँकेच्या माणसाला "जेवलास कं". मला तेव्हा एक गोष्ट दिसली. फैजानने ते वाक्य म्हटलं की तांडेलसरांची मान झटकन वर व्हायची. दाराकडे बघायचे. मग मान खाली.

मी जिन्यात गाठून म्हटलं, "सर, मनावर घेऊ नका. मजा आली लोकांना."

"आयेचं हाय ते," ते म्हणाले. "कामावरून आलो का पयला तो सवाल. रविवारी तं मी तिच्या पुढ्यात जेवायचो. ताटावरून उठून हात धुवाया गेलो, का मागून, जेवलास कं? मी बोलायचो, आये, तूच वाढला ना आता! तरी इचारायची. भुकेचा काय संबंद नाय त्यात." मग म्हणाले, "आता त्या बोलीत बोलनारा घरात मी एकटा. एकट्यानं काय बोलनार?"

यानंतर आला तो भाषेचा प्रश्न.

एका मोठ्या कारखान्याचं काम मिळत होतं. सगळं नव्याने हवं होतं, मोबाइलवर चालणारं, आणि पुढची अनेक वर्षं सांभाळायचं. आमचं आजवरचं सगळं काम पीएचपी नावाच्या भाषेत. कॉम्प्युटरच्या या भाषांतलं मला कळत नाही. पण पीएचपी ही जुनी, सोशिक आणि थोडी चेष्टेचा विषय झालेली, एवढं कळलं होतं. ती धडपणे येणारे आमच्याकडे एकटे तांडेलसर. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, शुक्रवारी सभा बोलावली. लाइट नव्हतीच. विषय: नवं काम कोणत्या भाषेत करायचं, आणि जुनंही त्यातच न्यायचं का. अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड झाली, कारण विषयातलं काहीच न कळणारा, म्हणून संपूर्ण निःपक्षपाती असा मी एकटाच होतो.

मी टेबलावर पाण्याची बाटली आपटून सभा सुरू केली.

तन्वी म्हणाली, "पायथन. वाचता येतं हो ते. मी लिहिलेलं सहा महिन्यांनी दुसऱ्याने उघडलं तरी कळतं. आणि हल्ली कॉलेजमधून येणारी सगळी मुलं तेच शिकून येतात."

फैजान म्हणाला, "जावास्क्रिप्ट. सर, ब्राउजर में वही चलता है, पीछे भी वही चला दो. एक ही चीज सीखो, दोनों तरफ काम."

"दर महिन्याला नवीन काहीतरी येतं त्यात," तन्वी म्हणाली. "आज शिकायचं, उद्या जुनं."

"तो? तुम्हारा पायथन एक स्पेस इधर-उधर हुआ तो रूठ जाता है, नई बहू के जैसा."

"सभागृहात बहूंचा उल्लेख नको," मी म्हणालो.

साहेबांनी सरांकडे बघितलं. "तांडेल, तुमचं काय? पीएचपी चालू ठेवू शकतो आपण. चाललंय की इतकी वर्षं. कधी बंद पडलेलं नाही. तुम्ही म्हणाल तर तेच."

साहेब भला माणूस. ते मनापासून म्हणाले होते. आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं की प्रश्न भाषेपुरता नव्हता. पीएचपी राहिली तर तांडेलसर, त्यांचा पडदा आणि त्यांची बडबड राहणार होती. गेली, तर त्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर बोलायचं कोणाशी? मी तर मनात माझं अध्यक्षीय मत पीएचपीला देऊन बसलो होतो.

तांडेलसरांनी चष्मा काढून पुसला. "मानूस ठेवाया जाहिरात दिलेली," ते म्हणाले, "पीएचपीवाला कोन आला?"

"आला नाही कोणी," साहेब म्हणाले. "जे आहेत ते मुंबई-पुण्याला जातात. बोईसरला कोण येतंय."

"मग पायथन घ्या."

तन्वीने फैजानकडे बघितलं, फैजानने माझ्याकडे.

"सर, तुम्हाला पायथन येत नाही," मीच शेवटी म्हणालो.

"मला नाय येत. तिला येतं, आनि ह्यालापन थोडं येतं, मी बघितलं हाय. जावास्क्रिप्टमदे हा एकटा. पीएचपीमदे मी एकटा." त्यांनी चष्मा चढवला. "भाषेला दोन मानसं तरी लागतात. एकट्यानं बोललं तं लोक येडा बोलतात. ते जुनं काम मी नसल्यावर कोनाशी बोलंल? त्याला एकटं नको टाकाया."

ठराव मंजूर झाला. टाळ्या वाजवायच्या होत्या, पण कोणाचे हात वर आले नाहीत.

पुढचे काही महिने तांडेलसर तन्वीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. जुन्या प्रोग्राममध्ये त्यांनी जागोजागी आपल्या बोलीत सूचना लिहून ठेवलेल्या होत्या. "हे हलवू नको, हलवला तं गेट बंद." "इथं मॅनेजरसाटी खोटा घंटा, त्याला बरं वाटतं." तन्वी वाचायची, अडायची, ते समजावायचे, ती पायथनमध्ये उतरवायची. त्या दिवसांत ते तिच्याशी जितकं बोलले तितकं आम्हा सगळ्यांशी मिळूनही बोलले नसतील. हेडफोन तिच्या गळ्यात असायचे, कानावर नाही. जसजसं एकेक पान नव्या भाषेत जायचं, तसतसं जुन्यातलं सर पुसून टाकायचे आणि पडद्याला हळू आवाजात काहीतरी सांगायचे.

शेवटी नाव-पासवर्ड टाकायचं ते दाराचं पान राहिलं. तन्वीने विचारलं, "सर, हे 'जेवलास कं' पण घेऊ ना? छान आहे."

"नको," ते म्हणाले. "ते कामाचं नाय."

जुने प्रोग्राम ज्यावर चालायचे तो सर्व्हर त्यांनीच बंद केला. साहेबांनी पेढे आणले होते. त्या सर्व्हरचा पंखा इतकी वर्षं घुमत होता की तो आवाज असतो हेच आम्ही विसरलो होतो. तो थांबला तेव्हा खालच्या दुकानातल्या वजनकाट्याची खणखण पहिल्यांदा वर ऐकू आली. सर रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिले. ओठ हलत नव्हते. साहेब म्हणाले, "तांडेल, पायथन शिका की. शिकवेल ही." ते म्हणाले, "नाय." दुसऱ्या कसल्या कामावर बसा, साहेब म्हणाले. "नाय." डबा खिडकीतून उचलला, दारात थांबले. "बाकी मग," म्हणाले आणि जिना उतरून गेले ते परत आले नाहीत.

कचेरी आता अगदी वेबसाइटवरच्या फोटोसारखी झाली. शांत, स्वच्छ. गिऱ्हाईक आलं की मला काही लपवावं लागत नाही. आमचा पायथनमधला प्रोग्राम झकास चालतो. तन्वीने लिहिलेलं फैजान उघडतो, फैजानने लिहिलेलं तन्वी, आणि एकमेकांना शिव्या घालतात. हेडफोन दोघांचेही खिळ्याला टांगलेले. एकदा फैजान काम करता करता थांबला आणि सरांच्या खुर्चीकडे वळून म्हणाला, "साला, नींद आती है इतनी शांती में."

पाम बोईसरपासून किती लांब? रिक्षात बसून वाक्य सुरू करावं तर संपायच्या आत येतं. पण कोणी गेलं नव्हतं. जायला निमित्त लागतं. ते मीच काढलं. "एका पानात अडचण आहे, सरांना दाखवायला हवी," असं म्हणून एका शुक्रवारी दोघांना घेऊन निघालो. अडचण काही नव्हती. तन्वीने लॅपटॉपही घेतला नव्हता, आणि हे कोणीही कोणाला विचारलं नाही.

सर दारात उभे होते. बारीक झाले होते. आत आईचा फोटो, एक खाट, चुलीवर भात. कॉम्प्युटर नव्हता. आम्हाला बघून त्यांनी आणखी तांदूळ टाकले आणि सुके बोंबील भाजायला घेतले. मी माझा सगळा संच बाहेर काढला. मॅनेजरची नक्कल, साहेबांची नक्कल, नव्या गिऱ्हाइकाची गोष्ट. सर ऐकत होते. "हो" म्हणत होते. मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो, आयुष्यात इतका वाईट प्रयोग मी केलेला नाही. ज्या माणसाची बडबड थांबवायला आम्ही हेडफोन घेतले, त्याच्या चुलीपुढे आम्ही तिघं बसलो होतो आणि त्याच्या तोंडून भाजताना बोंबलाला एक साधी शिवीसुद्धा निघत नव्हती.

"सर, दातिवऱ्याला जाऊन राहायचं ना थोडे दिवस," तन्वी म्हणाली. "तिकडे सगळे बोलायला असतील."

"तिकडं सगळे होडीवर," ते म्हणाले. "मला पानी लागतं."

जेवलो. पोटभर जेवलो. सर आमच्या पंगतीत बसून जेवले. हात धुतले, निघालो. रिक्षावाल्याने गाडी सुरू केली. सर उंबऱ्यात उभे, जिथे म्हातारी बसायची तिथेच. "बाकी मग," ते म्हणाले.

मी हात हलवला. मला जिन्यातलं ते वाक्य आठवत होतं, गप झाला तो... आणि मी ते मनातसुद्धा पुरं करत नव्हतो. तन्वी खाली बघत होती. रिक्षा हलली. आणि ज्याला त्या बोलीतलं एकच वाक्य येत होतं, आणि तेही टँकरच्या पासावरून पाठ केलेलं, तो फैजान अर्धा बाहेर लोंबकळून, सरांच्या घरचा भात ओठाला लागलेला तसाच, सगळ्या पामला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"सर! जेवलास कं?"